कौलारू छपराचं काम शिकताना: आधी पाण्याची वाट, मग कौल

या कामात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो: फुटलेलं कौल बदलायचं कसं? ते हाताला लवकर बसतं. पाणी नेमकं कुठून आत शिरतंय हे ओळखायला मात्र फार काळ लागतो, आणि माझ्या मते या धंद्यातलं खरं कौशल्य तेच आहे. गळणाऱ्या छपरात अनेकदा कौल धडधाकट असतं. बिघडलेलं असतं ते त्याच्या खालचं किंवा शेजारचं काहीतरी.

तरीही सुरुवात कौलांच्या ओळखीपासूनच करावी लागते, कारण प्रत्येक प्रकार पाणी वेगळ्या रीतीने वाहून नेतो. नळीच्या कौलांत एक ओळ उताणी असते आणि दोन उताण्या ओळींमधल्या फटीवर दुसरी पालथी घातलेली असते. पाणी उताण्या कौलातून वाहतं, त्यामुळे तिथे पाला, माती साठली की ते कडेवरून आत उतरतं. कौल फुटलेलंच नसतं! अशा वेळी नवीन कौलं आणण्याआधी छप्पर उतरवून, झाडून, पुन्हा शाकारावं.

चपटी कौलं अगदी वेगळी. इंग्लंडमध्ये १४७७ साली कायद्याने त्यांचं माप साडेदहा बाय सव्वासहा इंच ठरवलं गेलं आणि तिथलं आजचं कौल, २६५ बाय १६५ मिलिमीटर, जवळपास त्याच मापाचं आहे. ही कौलं अशी रचतात की छपरावर कुठेही बोट ठेवलं तरी खाली किमान दोन थर असावेत. म्हणून एका चौरस मीटरला साधारण ६० कौलं लागतात. एखादं फुटलं तरी खालचा थर बराच काळ सांभाळून घेतो, आणि नुकसान उशिरा कळतं.

खाचेची, एकमेकांत अडकणारी कौलं हा यंत्रयुगातला प्रकार. फ्रान्समधल्या अल्सेस भागात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये असं कौल काढलं. आपल्याला परिचित असलेलं मंगलोरी कौल याच कुळातलं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला त्याचा कारखाना १८६५ मध्ये सुरू केला. कडेच्या खाचा पाणी अडवतात, त्यामुळे दुहेरी थराची गरज उरत नाही आणि चौरस मीटरला १५ च्या आसपास कौलं पुरतात. पण थर एकच असल्यामुळे एक कौल तडकलं की पाणी सरळ खाली येतं.

प्रकार कळला की उतार मोजा. चपट्या कौलांना साधारण ३५ अंशांचा उतार लागतो. खाचेची कौलं त्याहून कमी उतारावर चालतात. उतार कमी पडला की दोन कौलांच्या जोडातल्या बारीक फटीतून पाणी वर ओढलं जातं आणि वारा त्याला आणखी आत ढकलतो. अशा छपरावर कितीही कौलं बदलली तरी गळती थांबत नाही. घरमालकाला हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं.

तपासणीची सुरुवात जमिनीवरून करा. दुर्बीण असेल तर उत्तम. आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्याची, रेघ सरळ आहे की मध्ये झोल आलाय, कौलांच्या ओळी कुठे घसरल्यात, वळचणीच्या (छपराच्या खालच्या टोकाच्या) आणि कडेच्या कौलांपैकी किती जागेवर आहेत, हे खालूनच दिसतं. वाऱ्याची उचल कडा, कोपरे आणि आढं इथे सर्वांत जास्त असते.

मग आत या. दिवसा, दिवे बंद करून, डोळे अंधाराला सरावू द्या. कौलांखाली अस्तर नसेल तर जोडांतून उजेडाच्या बारीक रेषा दिसणं स्वाभाविक आहे. त्या पाहून घाबरू नका. कौलाच्या मधोमध उजेड दिसला तर तिथे भोक किंवा तडा आहे. डाग जिथे दिसतो तिथेच गळती आहे असं धरून चालू नका. पाणी वाशाच्या अंगाने उतरत येतं आणि वाशाला गाठ किंवा जोड आला की तिथे टपकतं. डागापासून वाशावरून वर वर बघत जा. रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) आणि वाशांची टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय.

एवढं करूनही जागा सापडली नाही, तर एकाला आत उभं करा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा. सुरुवात वळचणीपासून करा आणि प्रत्येक पट्टा पुरेसा भिजवून मगच वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच निष्पन्न होत नाही. माझा पहिला संशय नेहमी दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, मिळतात त्या खोलगट जागेवर आणि भिंत किंवा धुराडं छपराला भिडतं तिथल्या पत्र्यावर असतो.

छपरावर चढणं शेवटी, आणि ओल्या कौलांवर कधीच नाही. शिडी वळचणीच्या वर मीटरभर निघालेली आणि बांधलेली असू द्या. शक्य तिथे छपरावर आडवी पडणारी शिडी वापरा. पाय टाकायचाच झाला तर कौलाच्या खालच्या टोकाशी, जिथे ते खालच्या कौलावर बसतं आणि त्याखाली रीप असते तिथे टाका. मधोमध टाकलात तर कौल मोडेल. संशय आलेलं कौल काढून बोटाच्या पेराने वाजवून बघा: खणखणीत आवाज आला तर ते पक्कं, बद्द आला तर आत तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. थंड प्रदेशात कौलात मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि पापुद्रे निघतात. तसं कौल पुन्हा वापरू नका.

बदलताना वरच्या ओळीतली शेजारशेजारची दोन कौलं लाकडी पाचर घालून किंचित उचला, फुटलेलं बाहेर सरकवा, नवीन आत सरकवून त्याचा मागचा दात रिपेत अडकवा. जुनं कौल खिळ्याने ठोकलेलं असेल तर खिळा आधी कापावा लागतो; नवीन कौल तांब्याच्या तारेने किंवा आकड्याने धरता येतं. एकाच छपरावर गंजलेले खिळे आणि झिजलेलं अस्तर जागोजागी सापडलं, तर ठिगळं लावत बसू नका. कौलं उतरवा, अस्तर आणि रिपा नव्या घाला, चांगली कौलं परत चढवा.

आढ्यावर कडक सिमेंट थापणं मला मुळीच पसंत नाही. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, मग भेगा पडतात आणि त्यांतून शिरलेलं पाणी आतच अडकतं. चुन्याचा मसाला ही हालचाल जास्त सोसतो. शेवाळ काढायला जोरदार फवाऱ्याचं यंत्र वापरू नका. पाणी जोडांतून उलटं आत घुसतं आणि कौलाचा पृष्ठभाग खरवडला जातो. मऊ ब्रश पुरतो.

उतरवलेली कौलं छपरावर ठेवायची वेळ आली तर दोन्ही पाखींवर सारखी वाटून, वाशांच्या रेषेत ठेवा. एकाच बाजूला चळत रचली तर सगळा भार तिकडे जातो, आणि जुना सांगाडा असेल तर आढं त्या बाजूला झुकू शकतं.