वाऱ्याआड: रोड सायकल शर्यतींचा माझा पहिला उन्हाळा

पहिल्या शर्यतीत मी २३व्या मिनिटाला ड्रॉप झालो. रस्ता सपाट होता. पंक्चर नाही, पडझड नाही, काही नाही. पुढच्याचं मागचं चाक आणि माझं पुढचं चाक यांत आधी हातभर अंतर पडलं, मग दोन सायकलींचं, मग दहा सायकलींचं, आणि पाच मिनिटांत अख्खा घोळका रस्त्याच्या टोकाला ठिपक्याएवढा झाला. तीन वर्षं मी नेमाने सायकल चालवत होतो. एकट्याने शंभर किलोमीटर करणं अंगवळणी पडलं होतं, चढावर ओळखीतल्या बहुतेकांच्या पुढे असायचो. आणि ज्यांनी मला मागे टाकलं त्यांतले निम्मे माझ्याहून वयाने मोठे आणि वजनाने जड होते.

घरी येऊन पॉवर मीटरची, म्हणजे पेडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणाऱ्या यंत्राची, फाइल उघडली. त्या २३ मिनिटांची सरासरी २५१ वॉट. माझा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल तेवढा जोर, तेव्हा २५५ होता. म्हणजे बाकीचे घोळक्यात बसून शर्यत करत होते आणि मी त्यांच्या शेजारून एकट्याने टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत, करत होतो. पाय कमी पडले नव्हते. पायांत होतं ते मी चुकीच्या जागी उधळलं होतं.

ती धरून त्या उन्हाळ्यात चौदा आठवड्यांत एकूण नऊ शर्यती झाल्या. ज्यांच्या मनात पहिल्या शर्यतीचा विचार घोळतो आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी हवेचं बोलू, कारण रोड शर्यतीत बाकी सगळं तिच्यामागून येतं. सपाटीवर ताशी ३५-४० किलोमीटरच्या वेगात तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. ताशी ३० वरून ४० वर गेलात तर वेग एक तृतीयांशच वाढतो, पण नुसत्या हवेला द्यावे लागणारे वॉट जवळपास २.४ पट होतात. दुसऱ्याच्या मागे नीट बसलं की यातला मोठा हिस्सा वाचतो. माझ्या मीटरवर तोच वेग पुढे राहून धरताना आणि मागे बसून धरताना ७०-८० वॉटचा फरक दिसायचा. २०१८ मध्ये हवेच्या रोधाचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य घोळक्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आत खोलवर बसलेल्यावरचा रोध एकट्या सायकलस्वाराच्या ५ ते १० टक्क्यांवर येतो, असं त्यात निघालं. हौशी शर्यतीतल्या तीस-चाळीस जणांच्या विस्कळीत घोळक्यात एवढा आसरा मिळत नाही. पण जो मिळतो तो सोडून बाहेर का राहायचं?

मी बाहेर राहिलो होतो ते भीतीपोटी. दोन्ही बाजूंना खांदे, पुढे चाक, मागे चाक, आणि वेग चाळीसचा. म्हणून मी घोळक्याच्या कडेला, उघड्या वाऱ्यात चालवत होतो आणि तिथे आपण सुरक्षित आहोत असं मला वाटत होतं. ही भीती शर्यतीच्या दिवशी जात नाही, आधी घालवावी लागते. दोन मित्रांबरोबर गवताच्या मैदानावर आम्ही हळू वेगात शेजारी शेजारी चालवायचो, कोपराला कोपर लावायचो, खांदा टेकवायचो. गवतावर पडलं तर फारसं लागत नाही. चार-पाच संध्याकाळी एवढंच केलं आणि मोठा फरक पडला. मुद्दाम धक्का लागला तरी सायकल सरळ राहते हे अंगाला कळलं की हँडलवरची पकड आपोआप सैल होते.

घोळक्यात शिरल्यावर नजर कुठे ठेवायची हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पुढच्याच्या चाकाकडे टक लावून बघू नका. त्याच्या कमरेपलीकडे, त्याच्याही पुढच्या दोघा-तिघांकडे बघा. चाक डोळ्याच्या कडेला दिसतच राहतं. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीही नेऊ नका, कारण तो जरा बाजूला सरकला आणि चाकं घासली तर पडतो तो जवळजवळ नेहमी मागचा. वेग किंचित कमी करायचा असेल तर ब्रेक ओढण्याआधी पेडल हलकं करा, छाती थोडी वर उचला, वाराच तुम्हाला थांबवेल. घोळक्यात एकाने खाडकन ब्रेक लावला की मागच्या वीस जणांना तो लावावा लागतो.

वळणांवर तर हे फारच जाणवतं. पहिले पाच-सात जण वळण जवळपास त्याच वेगात काढतात. मागचे आधी दाटतात, मग ब्रेक लावतात, आणि वळणातून बाहेर पडेपर्यंत पुढचे सुटलेले असतात. त्यांना गाठायला दहा सेकंद जीव तोडून मारावं लागतं. लहान फेऱ्यांच्या शर्यतीत चार वळणांची फेरी वीसदा झाली तर शेवटच्या माणसाने अशा ऐंशी उड्या मारलेल्या असतात. फाइलमध्ये माझ्या त्या उड्या ५५० ते ६०० वॉटच्या दिसत होत्या. पुढच्या दहा-बारांत बसलेल्याला त्याच वळणांवर ३५० पुरत होते. त्यामुळे पुढे सरकायला जे वॉट लागतात ते वाया गेले असं समजू नका, दोन फेऱ्यांत वसूल होतात. वळणात हात खालच्या हँडलवर, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि वजन त्यावर, ब्रेक वळणात शिरण्याआधीच मारून झालेला.

बाजूचा वारा मला तिसऱ्या शर्यतीत भेटला. वारा डावीकडून असेल तर आसरा पुढच्याच्या थेट मागे नसतो, त्याच्या मागे आणि उजवीकडे असतो. म्हणून रांग तिरपी होत जाते. रस्त्याच्या रुंदीत असे आठ-दहा जण मावतात. अकराव्याला जागा उरत नाही, तो रस्त्याच्या कडेला एका रेषेत लटकतो आणि पूर्ण वारा खातो. त्या दिवशी एका उजव्या वळणानंतर मी सोळावा की सतरावा होतो. समोर तिरपी रांग बनताना दिसली, काय होतंय ते कळलं, आणि तोवर उशीर झाला होता. हुशार मंडळी वळणाच्या दोन किलोमीटर आधीच पुढे सरकली होती. तेव्हापासून शर्यतीच्या आदल्या रात्री मी नकाशा आणि वाऱ्याची दिशा शेजारी ठेवून बसतो. रस्ता कुठे उघडा आहे, कुठे झाडं आहेत, कुठल्या वळणानंतर वारा बाजूने येईल, हे कागदावर लिहितो. या अर्ध्या तासाने मला जेवढं दिलं तेवढं कुठल्याही महागड्या चाकांनी दिलं नाही.

साहित्याचं थोडक्यात. जुनी पण नीट ठेवलेली सायकल चालते. २८ मिमी टायर घ्या आणि हवा दगडासारखी भरू नका, खडबडीत रस्त्यावर थोडा मऊ टायर आरामही देतो आणि वेगही. चेन स्वच्छ हवी, क्लीट (बुटांना पेडलमध्ये अडकवणारे तुकडे) घट्ट हवेत, आदल्या दिवशी काहीही नवं बसवायचं नाही. हवा कापायची तर आधी स्वतःचं शरीर सुधारा: कोपर वाकवा, डोकं खाली घ्या. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँ पहिल्या क्रमांकावरच्या लॉराँ फिन्योंच्या ५० सेकंदांनी मागे होता आणि २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलनंतर ८ सेकंदांनी टूर जिंकला. पुढे झुकवणारे एरो हँडलबार त्याने लावले होते, फिन्योंने लावले नव्हते. फक्त एक मोह टाळा: उतारावर सीटवरून पुढे येऊन टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवर, बसायचं नाही. २०२१ पासून यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, शर्यतींत ती बैठक बंद केली आहे, आणि नवख्याने ती कधी करूच नये.

चौथ्या शर्यतीत माझं खाणं चुकलं. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं कर्बोदक, असतं, आणि शर्यतीच्या जोरात ते दीड-दोन तासांत तळाला जातं. मी पहिला तास काही खाल्लं नाही, कारण भूकच नव्हती. एक तास चाळीस मिनिटांनी डोळ्यांपुढे धूसर झालं, हात थरथरायला लागले, आणि सपाट रस्त्यावर १२० वॉट निघेनात. भूक लागण्याची वाट बघायची नसते. आता पहिल्या वीस मिनिटांतच सुरुवात करतो आणि दर वीस मिनिटांनी थोडं घेतो, तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतील तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत शरीर घेऊ शकतं, पण त्यासाठी पोटाला आठवडेच्या आठवडे सराव द्यावा लागतो. तो सरावाच्या राइडमध्येच द्या.

उन्हाचीही सवयच करावी लागते. पूर्ण सवय व्हायला दहा ते चौदा दिवस जातात. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्याच जोराला हृदयाचे ठोके कमी पडतात. सुरुवातीचे काही दिवस वॉटचे आकडे बघून उगाच हताश होऊ नका, उन्हात ते कमीच येतात. मी पहिला आठवडा उन्हात फक्त हलकं, तासभर चालवलं. पाण्यात मीठ घालायला विसरू नका. थंडी वाजल्यासारखं झालं, घाम थांबला किंवा डोकं गरगरलं तर तिथल्या तिथे थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता आणि कुणाला तरी हाक मारा. त्या क्षणी शर्यत संपलेली असते.

पाचव्या शर्यतीत माझ्यापुढे दोघांची चाकं लागली आणि मी त्यांच्यावर गेलो. मांडी आणि कोपर सोललं, हेल्मेट मागच्या बाजूने तडकलं, डोकं शाबूत राहिलं. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह हा व्यावसायिक सायकलपटू पडला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच वर्षी यूसीआयने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं केलं. पडलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी पुन्हा वापरू नका. आणि पडल्यावर उठून लगेच सायकलवर बसायची घाई करू नका. मी केली होती. शेजारच्या स्वयंसेविकेने मला हाताला धरून खाली बसवलं, आजची तारीख विचारली, डोळ्यांत बघितलं. अजून तिची आठवण येते.

आता ज्या गोष्टीने माझा उन्हाळा जवळजवळ बुडवला होता ती. पडल्यानंतर सात दिवसांत मी परत सायकलवर होतो आणि गमावलेला आठवडा भरून काढायच्या जिद्दीने रोज जोरात चालवत होतो. मंगळवारी इंटरव्हल (थोडा वेळ जोर, थोडा आराम, पुन्हा जोर), बुधवारी वेगवान ग्रुप राइड, गुरुवारी चढ, शनिवारी पुन्हा ग्रुप, रविवारी शर्यत. दोन आठवडे गेले. सकाळचे विश्रांतीचे ठोके ४९ वरून ५७ वर गेले. गंमत अशी की सायकलवर उलटं व्हायचं, जोर लावला तरी ठोके १६० च्या वर चढायला तयार नसायचे. झोप तुटायची. सायकलकडे बघून नको वाटायचं, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण आजवर असं कधीच झालं नव्हतं. सातवी शर्यत मी निम्म्यात सोडली.

मग नऊ दिवस मी कठीण असं काही केलं नाही. त्यातले पहिले पाच दिवस सायकल भिंतीला टेकलेली होती. परत सुरू केलं तेव्हा आठवड्यातून फक्त दोन दिवस कठीण ठेवले: एक दिवस तीन-तीन मिनिटांचे पाच जोर, एक दिवस चाळीस सेकंद मार आणि वीस सेकंद आराम असे दहाचे दोन संच. बाकी सगळं इतकं हलकं की सोबतच्याशी न धापता अख्खं वाक्य बोलता यावं. व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावात हेच पाहिलं होतं, साधारण ८० टक्के वेळा हलकं आणि थोडंच, पण खरोखर कठीण. हे मला आधीपासून माहीत होतं. हलक्या दिवशी मागून कोणीतरी ओव्हरटेक करून जातो आणि आपण त्याला जाऊ देतो, हे मात्र मला शिकावं लागलं. सगळ्या उन्हाळ्यात याहून अवघड काही नव्हतं. तुम्ही सुरुवात करत असाल तर पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच शर्यती पुष्कळ झाल्या, मधे दोन-दोन आठवडे ठेवा.

नववी शर्यत, शेवटची. ७२ किलोमीटर, वारा बाजूचा. उघड्या पट्ट्याआधी मी पुढच्या दहांत होतो. रांग तिरपी झाली तेव्हा मी सातवा होतो, आणि माझ्या पाळीला मी वीस-तीस सेकंदच पुढे राहिलो, वेग न वाढवता, मग कोपर हलवून बाजूला झालो. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये अकरा जण उरलो होतो. स्प्रिंट मला जमत नाही, सहावा आलो.

फाइल उघडली. एक तास ५० मिनिटं, सरासरी वेग ताशी ३९.३, पहिल्या शर्यतीतल्या माझ्या त्या २३ मिनिटांपेक्षा जास्त. सरासरी जोर २०४ वॉट. एफटीपी त्या आठवड्यात मोजला होता, २६१. उन्हाळाभरात सहा वॉट वाढला होता.