शिवारातील मृद्-जलसंधारण व गायरान विकासासाठी अनुदान आणि लोकवाट्याचे नियोजन कसे करावे

मराठवाड्यातील बहुतेक गावांत बांधबंदिस्तीचा विचार योजना जाहीर झाल्यावरच सुरू होतो. अर्जाची मुदत लागते आणि ज्याची कागदपत्रे तयार असतात त्याच्या शेतात काम होते. वरच्या अंगाच्या ज्या शेतातून माती सुटते आणि खालच्या चार शेतकऱ्यांचे बांध फुटतात, ते शेत मात्र यादीबाहेर राहते. म्हणून कामांचा अग्रक्रम आणि प्रत्येक कामातील लोकवाटा (लाभधारकांनी पैशाने किंवा श्रमाने उचलायचा हिस्सा) हे दोन्ही निधी येण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरवून ठेवावेत.

सुरुवात शिवार फेरीने करावी, आणि ती पहिला जोराचा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली उत्तम, कारण तेव्हा पाण्याची वाट जमिनीवर स्पष्ट उमटलेली असते. गावनकाशा हातात घेऊन माथ्याकडून पायथ्याकडे चालावे आणि ओघळ कोठे सुरू होते, मुरूम कोठे उघडा पडला आहे, कोणता बांध कोणत्या बाजूने फुटला आहे, याची गट क्रमांकासह नोंद घ्यावी. सर्व जमिनीला एकच उपचार लागू पडत नाही. बालाघाटच्या रांगेत, पाटोदा किंवा आष्टीकडील उथळ मुरमाड जमिनीत सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीवर खोदलेले चर) आणि अनघड दगडी बांध उपयोगी पडतात. गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीत मात्र खरा प्रश्न निचऱ्याचा असतो, आणि तेथे सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी (रुंद वाफा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरी) किंवा चर काढून देणे अधिक गरजेचे ठरते. माथ्यावरचे उपचार अपुरे असताना पायथ्याशी सिमेंट नाला बांध घेतल्यास तो काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाचे नाव आज द्राक्षे आणि शेततळ्यांसाठी घेतले जाते; परंतु इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली तेथे आधी संपूर्ण पाणलोटावर, म्हणजे जेथून पाणी एका नाल्याकडे वाहून येते त्या सगळ्या क्षेत्रावर, काम झाले होते, हे अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

फेरीनंतर निवडीचे निकष लिहून काढावेत. हे काम अर्ज येण्यापूर्वीच व्हावे, कारण नावे समोर आल्यावर निकष माणसे पाहून वाकतात. या कामाचा फायदा खालच्या किती शेतांना होईल, धूप किती तीव्र आहे, शेतकरी अल्पभूधारक आहे का, आणि यापूर्वी त्याला कोणता लाभ मिळाला आहे, एवढ्या प्रश्नांना गुण दिले तरी क्रम लागतो. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत त्यासाठी गावपातळीवरची समिती असते. इतरत्र ग्रामपंचायतीने उपसमिती नेमावी आणि तिच्यात महिला, भूमिहीन मजूर व मेंढपाळ यांना प्रत्यक्ष स्थान द्यावे.

लोकवाटा ठरवताना सर्वांना एकच दर लावू नये. पाणलोट विकासाच्या २००८ च्या केंद्रीय सामाईक मार्गदर्शक सूचनांमध्ये खासगी जमिनीवरील मृद्-जलसंधारणाच्या कामांसाठी किमान १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांसाठी किमान ५ टक्के वाटा ठेवला होता, आणि ही रक्कम गावाच्या पाणलोट विकास निधीत जमा होत असे. कोणत्याही योजनेसाठी गावाने हेच तत्त्व धरावे. श्रमदान वाट्यात धरायचे असेल तर त्याचे मूल्य कोणत्या मजुरी दराने काढायचे, हे ठरावातच नमूद करावे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यावर होता. साहजिकच ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता किंवा भाडे देण्याची ऐपत होती, त्याच्याच रानात गाळ पडला. वाटा कोण उचलू शकतो हे आधी पाहिले नाही, तर अनुदान गरजेपेक्षा ऐपतीकडे वळते.

अनुदानाची टक्केवारी आणि हातात लागणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सभेत आकडे मांडून समजावून सांगावे. ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना राज्याच्या पूरक अनुदानासह ८० टक्के आणि इतर शेतकऱ्यांना ७५ टक्के अनुदान अशी तरतूद आहे. समजा, संचाचा मंजूर मापदंड, म्हणजे ज्या खर्चावर अनुदान मोजले जाते ती मर्यादा, एक लाख रुपयांची आहे. कागदावर अल्पभूधारकाचा वाटा २० हजार रुपये दिसतो, पण अनुदान कामाची तपासणी झाल्यावर खात्यात जमा होत असल्याने तोपर्यंत उरलेल्या ८० हजारांची सोय त्यालाच करावी लागते, आणि बिल मापदंडापेक्षा जास्त झाले तर तो फरकही त्याच्याच अंगावर पडतो. या मधल्या काळासाठी बचत गट, विकास सोसायटी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडून उचल मिळण्याची व्यवस्था अर्ज करण्यापूर्वीच लावावी. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नये, ही सूचना प्रत्येक अर्जदाराला लेखी द्यावी.

गायरानासाठी वेगळा विचार करावा लागतो, कारण तेथे वैयक्तिक अर्जदारच नसतो. उस्मानाबादी शेळी, लाल कंधारी आणि देवणी गाई-बैल ही जनावरे ज्या चराईवर जगतात तिच्यासाठी ग्रामपंचायतीने स्वतः प्रस्ताव केला नाही, तर दुसरे कोणी करणार नाही. प्रथम भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्द निश्चित करावी. मराठवाड्यात अनेक ठिकाणी भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे वर्षानुवर्षे गायरान कसत आली आहेत. त्यांचा प्रश्न चराईबंदीच्या ठरावाआडून निकाली काढू नये, त्यावर स्वतंत्रपणे आणि त्यांच्या उपस्थितीत चर्चा व्हावी. उरलेल्या क्षेत्राचे तीन-चार तुकडे पाडून एका वेळी एकच बंद ठेवावा, त्यात चर काढून मारवेल, पवना आणि स्टायलो या चाऱ्याच्या वाणांचे बी टाकावे, आणि गवत कापून नेण्याची मुभा द्यावी. सर्व गायरान एकदम बंद केल्यास शेळ्या राखणारी बाई पहिल्याच महिन्यात कुंपण ओलांडते, आणि तिचा यात काही दोष नसतो. चर खोदाईची मजुरी रोजगार हमीतून आणि बियाणे व राखणीचा खर्च लोकवाट्यातून, अशी विभागणी सोयीची पडते. एकच काम दोन योजनांत दाखवले जाऊ नये म्हणून गटनिहाय नोंदवही ठेवावी.

वेळेचे गणित चुकवू नये. रोजगार हमीच्या पुढील वर्षाच्या कामांची यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपासून घडू लागते, आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरपासून. त्यामुळे शिवार फेरीची नोंद जुलैअखेर तयार असावी. आराखड्यात प्रत्येक कामासमोर अंदाजित खर्च, निधीचा स्रोत, लोकवाटा आणि देखभालीची जबाबदारी असे चार रकाने ठेवावेत. चौथा रकाना बहुतेक आराखड्यांत कोराच असतो. तेथे माणसाचे नाव लिहावे, आणि पहिल्या पावसात फुटलेला बांध आठ दिवसांत बुजवण्यासाठी लोकवाट्यातील ठरावीक रक्कम स्वतंत्र खात्यात राखून ठेवावी.