मतदार यादीतलं नाव आणि प्रभाग वेळेत कसा तपासायचा

दर निवडणुकीला बूथबाहेर तेच दिसतं, हातात वोटर कार्ड घेऊन माणसं उभी आणि यादीत नावच नाही. कार्ड आहे म्हणजे मत आहे असं नसतं, यादीत नाव लागतं. उलट नाव असेल आणि कार्ड घरी राहिलं तरी आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीतरी दाखवून मतदान करता येतं. त्यामुळे जी काय धावपळ करायची ती यादीसाठी करा, आणि निवडणूक जाहीर व्हायच्या आधी करा, कारण विधानसभेला उमेदवारी अर्ज भरायची शेवटची वेळ उलटली की यादीत नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही.

आधी निवडणूक आयोगाच्या वोटर पोर्टलवर कार्ड नंबर टाकून बघा किंवा 1950 ला फोन लावा. नाव सापडलं की यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी बघून टाका, विशेषतः लग्न होऊन आलेल्या सुना आणि नुकती अठरा पूर्ण झालेली पोरं, यांचंच राहून जातं.

नाव नसेल तर फॉर्म 6. अठरा वर्षं पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षातून चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आधीच अर्ज करून ठेवता येतो. घर बदललं किंवा नाव, वय चुकलंय तर फॉर्म 8. जुन्या पत्त्यावरचं नाव तसंच ठेवून नवीन ठिकाणी फॉर्म 6 भरू नका, दोन ठिकाणी नाव असणं कायद्यात बसत नाही आणि खोटी माहिती देऊन सही केली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसऱ्या कुणी तुमच्या नावावर फॉर्म 7 भरून हरकत घेतली तर घाबरू नका. तुमचं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही. नोटीस आली की राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन सुनावणीला स्वतः जा, बीएलओला, म्हणजे तुमच्या यादी भागाचं काम बघणाऱ्या बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्याला, फोनवर सांगितलंय एवढ्यावर विसंबू नका. निकाल विरोधात गेला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या, पोच नसेल तर अपिलात दाखवायला हातात काहीच राहत नाही.

आता महापालिका, नगरपालिका, झेडपी. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि खरं नुकसानही इथेच होतं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो पण यादी त्यांची स्वतःची नसते, विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची घेऊन ती प्रभागांत फोडतात. 2025 च्या निवडणुकांना 1 जुलैची यादी धरली होती, म्हणजे त्यानंतर ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना थांबावं लागलं. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर प्रभाग यादीत ते नव्याने घालून मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

पण फोडताना झालेली चूक मात्र दुरुस्त होते, आणि अशा चुका भरपूर असतात. एकाच सोसायटीची ए विंग एका प्रभागात आणि बी विंग नाल्यापलीकडच्या प्रभागात, असं होतं. प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागली की वॉर्ड ऑफिसात जाऊन किंवा वेबसाइटवरून तुमच्या प्रभागाची यादी काढा आणि फक्त स्वतःचं नाव बघून परत येऊ नका, शेजारच्या दोन-चार बिल्डिंगाही चाळा. चूक दिसली तर हरकतीच्या अर्जात मोघम तक्रार नको, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, आत्ता टाकलेला प्रभाग, हवा असलेला प्रभाग आणि सोबत प्रभागाच्या नकाशावर बिल्डिंग कुठे येते ती खूण एवढं द्या. मुदत थोड्याच दिवसांची असते, सोसायटीच्या ग्रुपवर त्याच दिवशी टाका.

प्रभाग रचनेच्या प्रारूपालाही अशाच हरकती घेता येतात. तिथे हद्दी जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटांवरून, आखतात, तेव्हा आमची वस्ती मध्येच तोडलीय असं नुसतं लिहिण्यापेक्षा कुठला गट कुठे जोडला तर लोकसंख्या जुळते ते मांडलं तर सुनावणीत तुमच्या बोलण्याला वजन येतं. हे काम एकट्याने करू नका, वस्तीतली चार माणसं सोबत न्या.

मतदानाच्या दिवशी तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असं सांगितलं तर वाद घालून परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा, इंग्रजीत टेंडर्ड वोट म्हणतात ते. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण निकालाला कोर्टात आव्हान मिळालं तर ती विचारात घेता येते, आणि तुमच्या नावावर खोटं मतदान झालं याची सरकारी कागदावर नोंद राहते.