पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, ते असं तपासा
१०० मि.ली.चं काचेचं उभट मोजपात्र उघड्यावर घ्या. जवळपास आग, ठिणगी काहीही नको. आधी १० मि.ली. पाणी, त्यात खायच्या रंगाचा थेंब, वरून ९० मि.ली. पेट्रोल. बूच लावून हलवा, मधेच सैल करा, नाहीतर वाफ कोंडते. दहा मिनिटांनी खालचा रंगीत थर २८ मि.ली.च्या आसपास आला तर ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं, म्हणून थर वाढतो.

टाकीत जास्त पाणी शिरलं की हेच होतं: पाणी आणि इथेनॉल दोन्ही तळाशी बसतात आणि गाडी चालू होत नाही. त्यामुळे पावसाळ्यात झाकणाचं रबर जरूर बघा. जुन्या गाडीचे रबरी पाइप चिरलेत का, तेही. तपासलेलं पेट्रोल टाकीत परत ओतू नका.