पायथन २ वरून ३ वर: न बोलता बदलणारी गणितं

आमची बिलिंगची प्रणाली पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीवर चालायची. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद. हलवणं भाग होतं.

'प्रिंट' या मजकूर छापणाऱ्या आज्ञेला नव्यात लागणारे कंस वगैरे, जुना कोड नव्यात बदलणाऱ्या '२टू३' या साधनाने उरकले. त्यात विशेष काही नाही. काही राहिलं तर प्रोग्राम लगेच थांबतो आणि ओळ दाखवतो. खरी भीती गुपचूप होणाऱ्या बदलांची. ७ भागिले २ चं उत्तर जुन्यात ३, नव्यात ३.५. संख्या जवळच्या पूर्णांकावर नेणारं 'राउंड' तर त्याहून फसवं: २.५ चे जुन्यात ३ होत, नव्यात २ होतात, कारण बरोबर मध्यावरची संख्या आता जवळच्या सम संख्येकडे जाते. बिलात हे चालणारच नाही!

म्हणून आधी जुन्याच पायथनवर '-३' हा पर्याय लावून सगळ्या चाचण्या चालवल्या. पूर्णांकांचा भागाकार आला की तो इशारा देतो. पूर्णांकच हवा असेल तिथे दुहेरी तिरकी रेघ दिली. पैशांचे हिशेब मात्र दशांश संख्या अचूक ठेवणाऱ्या 'डेसिमल'वर नेले आणि 'राउंड_हाफ_अप' (बरोबर मध्यावरची रक्कम वर न्यायची) हा नियम उघड लिहिला. हे मी कुणालाही आग्रहाने सांगेन.

मजकुराचंही तसंच. यूटीएफ-८ मधल्या (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) 'नाव' या साध्या स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्याची, लांबी जुन्यात ९ बाइट यायची, नव्यात ३. बाहेरून येणारे बाइट आत शिरतानाच डीकोड केले, म्हणजे अक्षरांत बदलले; फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) स्पष्ट दिलं.

मग जुनी बिलं दोन्ही आवृत्त्यांवर काढून पै न पै ताडली. फरक दिसला तिथे कारण सापडल्याशिवाय पुढे गेलो नाही.