गेमपॅडवर विमान उडवण्याआधी: जॉयस्टिक नसताना करायची तयारी

फ्लाइट सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक हवीच, असे सर्रास सांगितले जाते आणि ती घेईपर्यंत अनेक जण सिम्युलेटर सुरूच करत नाहीत. मला हे पटत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 27 जुलै 2021 रोजी एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस या गेम कन्सोलवर आले, म्हणजे हातात फक्त गेमपॅड असलेला माणूसही ते वापरणार, हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. घरातल्या साध्या गेमपॅडवर सेसना 172 सारखे छोटे विमान व्यवस्थित उडवता आणि उतरवता येते. मात्र पहिल्या उड्डाणाआधी तासभर बसून काही गोष्टी क्रमाने जुळवून घ्याव्या लागतात.

सर्वांत आधी गेमपॅड तपासावा. तो टेबलावर ठेवून डावी स्टिक चारही बाजूंना पूर्ण कलवावी, अंगठा अलगद उचलावा आणि ती दर वेळी मध्यावरच परत येते का, हे पाहावे. विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा दिली की उघडणाऱ्या खिडकीत स्टिकची जागा एका लहान खुणेने दिसते. खूण मध्यापासून जरा बाजूला थांबत असेल, तर स्टिक झिजली आहे असे समजावे. माझ्या जुन्या गेमपॅडवर विमान सतत डावीकडे कलत असे आणि कित्येक संध्याकाळी मी त्याचा दोष इंजिनाच्या ओढीला देत होतो, कारण एक इंजिनाचे विमान पूर्ण शक्तीवर डावीकडे वळू पाहते, हे वाचलेले होते. शेवटी हात काढून कॉकपिटमधल्या योककडे, म्हणजे विमान वळवण्याच्या हँडलकडे, पाहिले, तर तो स्वतःच थोडा डावीकडे झुकलेला होता. ही परीक्षा विमान धावपट्टीवर उभे असतानाच करावी: हात बाजूला असताना योक सरळ असेल तर दोष गेमपॅडचा नाही.

त्यानंतर जोडणी. शक्य असल्यास यूएसबी केबलच वापरावी. एक्सबॉक्सचा बिनतारी गेमपॅड 15 मिनिटे हात लावला नाही तर बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप बंद होतो, आणि ऑटोपायलटवर लांबचा प्रवास करताना 15 मिनिटे सहज निघून जातात. सिम्युलेटर स्टीम या खेळांच्या ॲपमधून चालवत असाल, तर त्यातल्या स्टीम इनपुट या गेमपॅडच्या सोयीमुळे एकच गेमपॅड दोनदा ओळखला जात नाही ना, हेही पाहून घ्यावे. तसे झाल्यास एका हालचालीला दोन आज्ञा जातात आणि काय बिघडले ते उमगत नाही.

आता संवेदनशीलता, आणि सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा. अंगठ्याखालची स्टिक मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम एक सेंटीमीटर सरकते, तर खऱ्या सेसनाचा योक त्याच्या कितीतरी पट पुढे-मागे जातो. म्हणून अंगठ्याची किंचित थरथरसुद्धा विमानाचे नाक वर-खाली हलवते. यावर अनेक जण डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीचा स्टिक हलूनही आज्ञा न जाणारा भाग, वाढवतात, पण ते चूक आहे. मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण खेळांसाठी डाव्या स्टिकला सुचवलेला डेड झोन 32,767 पैकी 7,849, म्हणजे जवळजवळ 24 टक्के आहे. उड्डाणात इतका ठेवला तर नेमक्या ज्या बारीक हालचालींनी विमान सावरायचे, त्याच हरवतात. स्टिक स्थिर असताना होणाऱ्या थरथरीपेक्षा जरासा जास्त, तीन ते पाच टक्के, एवढा डेड झोन पुरतो. बाकीचे काम संवेदनशीलतेच्या वक्राने करावे: स्टिक अर्धी कलवल्यावर विमानाला सुमारे 30 टक्केच आज्ञा जावी आणि कडेला पूर्ण जावी, असा वक्र एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन (विमान बाजूला कलवणारा) दोघांना द्यावा. वक्र यापेक्षा फार खोल करू नये, नाहीतर मध्याला मऊपणा येतो खरा, पण कडेजवळ विमान एकदम उसळते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये रिॲक्टिव्हिटी, म्हणजे स्टिकला प्रतिसाद देण्याचा वेग, थोडी कमी केल्यानेही फायदा होतो. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये स्थिरता वाढवणारे जे स्लायडर आहेत, ते मात्र शून्यावरच ठेवावेत. त्यांनी विमानाचा स्वभावच बदलतो.

ट्रिमची बटणे ठरवल्याशिवाय उड्डाण करूच नये, असे माझे ठाम मत आहे. ट्रिम म्हणजे स्टिक दाबून न धरताही नाक हव्या त्या कोनात टिकवणारी सोय. स्प्रिंग स्टिकला सतत मध्यावर ओढत असते. ट्रिम नसेल तर चढताना अंगठा सतत मागे दाबून धरावा लागतो आणि पाच मिनिटांत तो आखडतो. डी-पॅडचे (अधिकच्या चिन्हासारख्या चार दिशांच्या बटणांचे) वरचे बटण नाक खाली करण्यासाठी आणि खालचे नाक वर करण्यासाठी ठेवावे, म्हणजे दिशा स्टिकशी जुळते. रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी, गेमपॅडच्या पुढच्या कडेच्या दोन ट्रिगरवर असावा, कारण ते हळूहळू दाबता येतात आणि टेक-ऑफच्या वेळी उजवा ट्रिगर थोडाथोडा दाबून नाक मधल्या रेषेवर ठेवता येते. इंजिनाची शक्ती ठरवणारा थ्रॉटल मात्र स्टिकवर किंवा ट्रिगरवर देऊ नये: सोडताच ते मूळ जागी परत येतात आणि इंजिनाची शक्ती निघून जाते. वाढवण्यासाठी एक आणि कमी करण्यासाठी एक, अशी दोन बटणे द्यावीत. उजवी स्टिक आजूबाजूला पाहण्यासाठी, आणि ती दाबल्यावर नजर पुन्हा सरळ समोर यावी.

फ्लॅप (कमी वेगात उडण्यासाठी पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्या), ब्रेक आणि ऑटोपायलट सोडण्याचे बटण गेमपॅडवर हवे; दिवे, रेडिओ वगैरे माउसवर राहू द्यावेत. हेलिकॉप्टरच्या वाटेला सध्या जाऊ नये, कारण त्याचा कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा, सोडलेल्या जागी टिकून राहावा लागतो.

चाचणीसाठी लांब धावपट्टी निवडावी. पुण्याचे लोहगाव त्यासाठी उत्तम आहे. फक्त तिथे जमिनीवरच अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे यंत्र) सुमारे 1,940 फूट दाखवतो, हे ध्यानात ठेवावे. सेसना 172 एस घेऊन 55 नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) नाक उचलावे, 74 नॉटला चढावे आणि सुमारे 3,000 फुटांवर सरळ व्हावे. वेग स्थिरावला की ट्रिम करून अंगठा पूर्ण काढावा आणि अर्धा मिनिट नुसते पाहावे. विमान उंची राखत असेल तर सेटिंग जमले. ते हळूहळू वर-खाली होत असेल तर ट्रिम अजून एक-दोन टिचक्या हवा आहे, आणि एका बाजूला कलत असेल तर परत योककडे पाहावे. मग वळून, फ्लॅप टाकत, सुमारे 65 नॉटला धावपट्टीकडे यावे. शेवटच्या टप्प्यात नाक सारखे खाली-वर होऊ लागले, तर वक्र थोडा वाढवून पुन्हा एक फेरी मारावी. एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि बदलण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवावा. जमलेले सेटिंग विमानाच्या नावाने वेगळे प्रोफाइल म्हणून साठवावे.