ई-स्कूटरचा स्पीड लिमिटर काढताय? आधी या चुका टाळा

"काका, लिमिटर काढून द्या ना, गाडी पळतच नाही."

बिननंबरची, ताशी २५ किलोमीटर वेगाची ई-स्कूटर माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांपैकी निम्मे तरी या वाक्याने सुरुवात करतात. मी गाडी मेन स्टँडवर लावतो आणि मूठ पूर्ण पिळायला सांगतो. मागचं चाक हवेत फिरतं, काटा २५ वर जाऊन थांबतो. मग विचारतो, "रस्त्यावर किती जाते?" उत्तर येतं, "१८. चढाला १२." आता लिमिटर म्हणजे २५ च्या पुढे जाऊ न देणारं कुंपण; १८ वर दमणाऱ्या गाडीला ते अडवेल कसं?

पहिली चूक हीच. दुखणं एक आणि ऑपरेशन दुसऱ्याचंच. स्टँडवर २५ आणि रस्त्यावर १८ असेल, तर लिमिटरचा काही संबंध नाही. ताकद कुठेतरी गळतेय.

सगळ्यात जास्त वेळा गळते बॅटरीत. लेड-ॲसिडच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागोमाग जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात. उभ्या गाडीवर मीटर लावला तर ५१ दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, बॅटरी ठणठणीत आहे. पण मूठ पिळून, गाडीवर वजन असताना मोजा. चौघींपैकी तीन ११.८ वर आणि एक थेट ९.५ वर आली, तर चोर सापडला. साखळीत एक कडी कच्ची असली की बाकीच्या तिघींचाही उपयोग नाही. अशा गाडीचा लिमिटर काढणं म्हणजे दमेकऱ्याला शर्यतीत उतरवणं. एकटी नवी बॅटरी तीन जुन्यांमध्ये घालू नका, हेही सांगून ठेवतो. चार-सहा महिन्यांत तीही त्यांच्याच लायनीला लागते.

बॅटरी ठीक निघाली तर पुढे बघा. टायरमध्ये हवा आहे का? ड्रम ब्रेक घट्ट आवळलाय का? स्टँडवर चाक हाताने फिरवा, दोन फेऱ्यांत थांबलं तर ब्रेक घासतोय. ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा छोटा स्विच असतो, पावसाळ्यात तो चिकटतो आणि गाडी मध्येच मान टाकते. मोटरच्या जाड तीन वायरींचे कनेक्टर उघडून बघा. पिवळट, वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर तिथे ताकद उष्णता होऊन जातेय. थ्रॉटलची (वेगाच्या मुठीची) सिग्नल वायर पूर्ण पिळल्यावर साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जायला हवी. अडीचवरच थांबत असेल तर कंट्रोलरला (मोटरला वीज मोजून सोडणाऱ्या डब्याला) वाटतं, मालकाला सावकाशच जायचंय. आणि हसू नका, पण थ्री-स्पीडचं बटण एकवर राहून गेलेल्या गाड्याही येतात.

हे सगळं तपासून झालं, गाडी रस्त्यावरही बरोबर २५ ला जाते, आणि तरी कुणाला ४० हवेत. आता खऱ्या अर्थाने लिमिटरचा प्रश्न आला.

इथे गैरसमज असा की आत वेगवान गाडी दडलीय आणि कंपनीने तिला कुलूप लावलंय. बऱ्याच कंट्रोलरमधून एक वायरचा लूप बाहेर आलेला असतो, तो 'तोडला की सुटली' असं व्हिडिओत दाखवतात. सुटते, पण किती? चाकातच बसवलेली हब मोटर फिरायला लागली की स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते. वेग वाढेल तसं ते वाढतं आणि बॅटरीच्या व्होल्टेजजवळ आलं की मोटरला पुढे ढकलायला काही उरत नाही. म्हणजे खरा लिमिटर मोटरच्या वेटोळ्यांत बसलाय, तो कात्रीने कापता येत नाही. चढावर तर काहीच फरक पडत नाही, कारण तिथे वेग नाही, जोर लागतो, आणि जोर कंट्रोलर किती अँपिअर सोडतो त्यावर ठरतो.

थोडा हिशेब करू. गाडी आणि माणूस मिळून १३० किलो धरा, सपाट रस्ता, वारा नाही. ताशी २५ ला हवा आणि टायरचं घर्षण मिळून सव्वादोनशे वॅटच्या आसपास लागतात. २५० वॅटची मोटर या वेगाला का पुरते ते इथेच कळतं. ताशी ४० ला तीच गाडी साडेसहाशे ते सातशे वॅट मागते, कारण हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. अडीचशेच्या मोटरकडून सातशेचं काम सलग करून घेतलं की वेटोळी तापतात, मोटर किती फिरली ते कंट्रोलरला सांगणारे आतले हॉल सेन्सर जातात आणि गाडी झटके देत घरघरायला लागते. रेंजही निम्म्यावर येते. चार्जिंगला ६० किलोमीटर जाणारी गाडी ३० ला मान टाकली की तोच मालक बॅटरीच्या कंपनीला शिव्या देत परत येतो.

दुसरा उद्योग याहून महागात जातो. पाचवी बॅटरी. पायाजवळच्या जागेत १२ व्होल्टची आणखी एक ठेवायची, ४८ चे ६० झाले, वेग वाढला! वाढतो, खरं आहे. पण ४८ च्या कंट्रोलरमध्ये बऱ्याचदा ६३ व्होल्टपर्यंतच टिकणारे कपॅसिटर (व्होल्टेज सावरणारे भाग) असतात आणि फुल चार्ज झालेला ६० चा पॅक ६४-६५ वर असतो. कपॅसिटर फुगतो, फटाका होतो. दिवे-हॉर्नला १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर त्याच्याही आधी जळतो. त्यातून वाचलात तर कंट्रोलर बॅटरी उतरून ४२ व्होल्टला आली की गाडी बंद करायचा, तेच करणार, म्हणजे पाच बॅटऱ्यांच्या पॅकमध्ये प्रत्येकी ८.४. लेड-ॲसिड १०.५ च्या खाली नेऊ नये. महिन्याभरात पाचही भंगारात.

लिथियमवाल्यांनी चार्जर अजिबात बदलू नये. ४८ व्होल्ट लिहिलेले पॅक सगळे सारखे नसतात. एनएमसी आणि एलएफपी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार: १३ सेलचा एनएमसी पॅक ५४.६ ला भरतो, १६ सेलचा एलएफपी ५८.४ ला. दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टच्या जवळ दाब येतो आणि मध्ये उभा असतो फक्त बीएमएस, म्हणजे बॅटरीला जास्त भरण्यापासून वाचवणारा सर्किट बोर्ड. वेगासाठी कुणी तोच बायपास करून दिला असेल, तर ती गाडी घरात, जिन्याखाली चार्जिंगला लावू नका.

पेडलवाल्या ई-सायकलींचं वेगळंच. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये चाकाचा व्यास कमी टाकला की सायकल खरोखर थोडी जोरात जाते, पण डिस्प्ले खोटं बोलायला लागतो. व्यास जास्त टाकणारे तर फक्त आकडा वाढवून खूश होतात. मोबाइलचं जीपीएस लावा, कळेल.

आता कायदा. तुमच्या गाडीला नंबर नाही, लायसन्स लागत नाही, विमा नाही, ही सूट दोन अटींवर आहे: मोटरची तीस मिनिटांची पॉवर (अर्धा तास सलग देता येणारी ताकद) २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत, आणि तेही पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेलं. वायर तुटली त्या क्षणी ती मोटार वाहन झाली, बिनारजिस्टर्ड. दंड असे: विनानोंदणी ५,००० रुपयांपर्यंत, विनालायसन्स ५,०००, विनाविमा २,०००, फेरफाराबद्दल वेगळे ५,००० आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. २०२२ मध्ये महाराष्ट्रात परिवहन विभागाने अशा गाड्यांची धरपकड केली होती, तेव्हा दुकानदारांनीही हात वर केले होते. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ खाली पालकांना २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्लासला जायला मुलाला गाडी घेऊन दिलेल्या बापाला हे माहीतच नसतं. दंड एक वेळ भरून मोकळं होता येतं. कुणाला धडक बसली तर भरपाई विम्याविना खिशातून जाते.

ज्यांना ४०-४५ खरोखरच हवेत त्यांनी हिरव्या पाटीची, नोंदणीची गाडी घ्यावी. तिची मोटर, ब्रेक, चेसिस त्या वेगासाठी बांधलेली असते. ताशी ४० ला ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर २५ च्या अडीचपट होतं आणि या स्वस्त गाड्यांचे ड्रम ब्रेक ओल्या रस्त्यावर २५ लाच रडतात.

आणि वायर आधीच तोडून बसला असाल तर? टोकं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका, एका जुलैत पाणी शिरतं. नीट सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, किंवा कंपनीच्या सर्व्हिसला द्या आणि तोडली होती हे खरं सांगा, ते कंट्रोलर उघडला की ओळखतातच. मग दहा मिनिटं चालवून मोटरच्या झाकणाला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर वेटोळ्यांचा वार्निश भाजला असण्याची शक्यता आहे. मागच्या एक्सलचे नट आवळून घ्या, ब्रेक शू उघडून बघा, आणि शेवटी जीपीएस लावून सपाट रस्त्यावर एक चक्कर मारा. २५ ला काटा थांबला की गाडी घरी न्या.